मानाचा नॅपकिन

गेल्या रविवारी माझा सत्कार झाला. नॅपकिन देऊन.

सोलापूरबाहेरच्या माणसाला यातली बोच लगेच लागायची नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे एप्रिलात कुणाच्या खांद्यावर शाल घातली तर तो खुनाचा प्रयत्न धरतात. त्यामुळे इथे मान असतो तो टॉवेलांचा, आणि त्याची उतरंड पक्की आहे. मंत्री-बिंत्री आले तर भिंतीवर लावायचं विणलेलं चित्र, प्रमुख पाहुण्याला चादर, वक्त्याला मोठा टॉवेल, माइकवाल्याला नॅपकिन. मी वक्ता होतो. माइकवाल्याला टॉवेल मिळाला. मोरपंखी होता. मी नीट बघितलाय.

कार्यक्रम एका चित्रपट मंडळाचा (नाव सांगत नाही, पुन्हा बोलावलं तर?). बाहेर त्रेचाळीस डिग्री, आत एसी, प्रवेश फुकट. चाळीसएक माणसं आली होती. त्यातली सिनेमासाठी किती आणि एसीसाठी किती, हे मी त्यांच्या डोळ्यांवरून ओळखलं, कारण एसीवाल्यांचे मिटलेले होते. सिनेमा मी निवडलेला: 'द डिझास्टर आर्टिस्ट'. जगातला एक अतिशय वाईट सिनेमा कसा तयार झाला, यावर काढलेला चांगला सिनेमा. अध्यक्षांना हे आदल्या दिवशी फोनवर तीनदा समजावलं होतं. त्यांनी माझी ओळख करून दिली ती अशी : "वाईट सिनेमे म्हटलं की आपल्याला यांचंच नाव आठवतं."

लोक हसले. मीही हसलो. काय करणार?

बारा फुलस्केप पानं लिहून नेली होती. दुसऱ्या पानावर असताना अध्यक्षांनी घड्याळ पुढे केलं, तिसऱ्यावर माइकवाला येऊन माझ्या शेजारी उभा राहिला, आणि चौथ्यावर माइक त्याच्या हातात होता. मी नेमकं काय सांगत होतो? तर 2018च्या जानेवारीत या सिनेमाचा दिग्दर्शक आणि हिरो जेम्स फ्रँको याला अभिनयाचं गोल्डन ग्लोब बक्षीस मिळालं, तेव्हा त्याने ज्याची भूमिका केली त्या खऱ्या टॉमी विझोला मंचावर बोलावलं. विझो आला, आनंदाने माइककडे झेपावला, आणि फ्रँकोने त्याला हाताने मागे सारलं. बिचाऱ्याच्या आयुष्यावर सिनेमा, त्याला बक्षीस, आणि बोलायचं दुसऱ्याने. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि माइक गेला. ही गंमत फक्त मला कळली. बाकीच्यांना वाटलं, मी पाण्यासाठी तोंड उघडलंय. कुणीतरी बाटली दिली.

मग अंधार झाला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत अण्णा येऊन बसले.

अण्णांचे पूर्व भागात टॉवेलचे माग आहेत. सत्तरीचे, पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक छोटी कात्री. घरी तेलुगू, कामगारांशी मराठी, हिशेब कुठल्या भाषेत करतात ते त्यांच्या सीएलाही माहीत नाही. इंग्रजी सबटायटल वाचायला चष्मा आणला नव्हता. "सर, तुम्ही सांगा की," म्हणाले, आणि माझी हाताची बाही धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही.

"ह्यो केसवाला कोण?"

"टॉमी विझो. यानेच तो मूळचा वाईट सिनेमा काढला, 'द रूम'. 2003 साली. लेखक तोच, दिग्दर्शक तोच, निर्माता तोच, हिरो तोच."

"म्हणजे मालकच लूम चालवायलाय." अण्णांना एकदम आपलेपणा वाटला. "पैसा कोणाचा?"

"त्याचाच. साठ लाख डॉलर खर्च झाला म्हणतात."

अण्णांनी बाही सोडली नाही, पण दुसरा हात खिशाकडे गेला. पेन निघालं. तळहातावर हिशेब मांडायला लागले. "त्या वेळेला डॉलर छेचाळीसला होता. मी एक्स्पोर्टला माल दिल्ता, मला पाठ हाय." पडद्यावर टॉमी अभिनयाच्या वर्गात जमिनीवर लोळत किंचाळत होता आणि इकडे साठ गुणिले छेचाळीस चाललं होतं. "सत्तावीस कोटी साठ लाख! सर! कुठनं आणले?"

"कुणालाच माहीत नाही. तो कुठल्या देशाचा, वय किती, हेही तो धड सांगत नाही. कोरियातून चामड्याची जॅकेटं आणून विकली, असं म्हणाला होता एकदा."

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, गोष्टीत रमले. मग कानाशी आले. "जॅकेटमधी एवढं मार्जिन नसतंय ओ."

पुढे तो प्रसंग आला ज्यावर माझी पानं पाच आणि सहा होती. विझोने सिनेमा एकाच वेळी 35 एमएम फिल्मवर आणि एचडी डिजिटलवर, असे दोन कॅमेरे शेजारी-शेजारी लावून चित्रित केला. भाड्याने मिळणारी सामग्री त्याने विकत घेतली. स्टुडिओबाहेर खरीखुरी गल्ली होती, तरी आत गल्लीचा सेट बांधला. हे मी सांगितलं तर अण्णांचा चेहरा अंधारातही उतरलेला दिसला. "घरात हौद भरलेला असताना टँकर मागवलान की ओ," ते म्हणाले. यापेक्षा नेमकी समीक्षा माझ्या बारा पानांत नव्हती, हे मला अजून कबूल करवत नाही.

आणि मग गच्चीचा तो प्रसिद्ध प्रसंग. टॉमी दार उघडून गच्चीवर येतो, 'मी तिला मारलं नाही' असं तावातावाने म्हणतो, पाण्याची बाटली आपटतो, आणि त्याच दमात मित्राला बघून 'ओ, हाय मार्क!'. एवढं वाक्य त्याला जमत नाही. टेकवर टेक. युनिट घामाघूम.

"हा रडायलाय का हसायलाय?" अण्णा.

"तेच तर! कुणालाच कळत नाही!"

"आमच्याकडं बदली कामगार पण तिसऱ्या दिवशी गाठ मारायला शिकतोय." मग थोडं थांबून, "पर मालक हाय. मालकाला कोण सांगणार?"

नेमक्या याच वेळी मागून कुणाचा तरी फोन वाजला आणि अंधारात एकच शब्द ऐकू आला, "आलं!" बाहेरच्यांना हे कळायला सोलापुरात राहावं लागेल. चार-पाच दिवसांनी एकदा येणारं पाणी ज्या भागात आलं, त्या भागातली माणसं उठली. लग्नातून उठतात, तिथे सिनेमाचं काय? चाळीसातली पंधरा गेली. जाताना एकजण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "छान बोललात, थोडं लांबलं." मी चार पानं बोललो होतो! चार! हे मी त्याला बोलणार होतो, पण अण्णांनी बाही ओढली.

"धंदा किती झाला?"

"पहिल्या दोन आठवड्यांत अठराशे डॉलर."

पेन. तळहात. तिथली जागा संपली होती म्हणून मनगट. "ब्याऐंशी हजार आठशे." अण्णांनी पेनाला टोपण लावलं, अगदी हळू, मयताला गेल्यावर माणूस चपला काढतो तसं.

मी घाईने सांगितलं की विझो हरला नाही. लॉस एंजेलिसमध्ये स्वतःच्या चेहऱ्याचा मोठा फलक त्याने जवळपास पाच वर्षं लावून ठेवला, लोक कुतूहलापोटी येत गेले, आणि आता गावोगाव या सिनेमाचे मध्यरात्रीचे खेळ होतात. यावर अण्णा म्हणाले, "फलकाचं काय सांगता." आणि त्यांचं बरोबर आहे. आमच्या चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स असतात. ज्याचा वाढदिवस तो मोठा, खाली शुभेच्छुकांची छत्तीस डोकी पासपोर्ट साइजची. वाढदिवस जातो, डोकी उरतात. पावसाळ्यात कापड फाटतं आणि एखाद्या शुभेच्छुकाचा नुसता गॉगल लोंबत राहतो. सिग्नल दिसत नाही, दुकानाची पाटी दिसत नाही. तक्रार करायला गेलं तर तिथल्या खुर्चीतला माणूसच वरून तिसऱ्या ओळीत असतो. निदान विझोने सिनेमा तरी काढला होता! आमच्या शुभेच्छुकांनी काय काढलंय?

विषय सोडून गेलो. तर मध्यरात्रीचे खेळ. 'द रूम'मध्ये टेबलावर एका फ्रेममध्ये चक्क चमच्याचा फोटो आहे. का आहे, विचारू नये. तो दिसला की प्रेक्षक पडद्यावर चमचे फेकतात.

"स्टीलचे का प्लास्टिकचे?"

"प्लास्टिकचे."

"झाडतंय कोण?"

मी या सिनेमाबद्दल जे मिळेल ते वाचलंय, पण झाडतं कोण, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

शेवटी श्रेयनामावलीच्या आधी मूळ सिनेमाचे तुकडे आणि फ्रँकोने हुबेहूब तसेच केलेले तुकडे शेजारी-शेजारी दाखवतात. तीच गच्ची, तीच बाटली, तेच केस. माझ्या मते ही कमालीची कारागिरी आहे. वाईट अभिनय तंतोतंत करायला चांगला नट लागतो. आपल्याकडे वाईट सिनेमांना तोटा नाही, पण ते असे जीव ओतून वाईट नसतात. अनुदानाचा फॉर्म समोर ठेवून, 'ब' दर्जा तरी मिळेल इतपत बेताने वाईट केलेले असतात. त्यांच्यावर कोण सिनेमा काढणार? आणि कोण चमचा फेकणार? हे सगळं पान अकरावर होतं.

दिवे लागले. अध्यक्षांनी "कुणाला काही प्रश्न?" म्हटलं. मी खुर्चीतून अर्धा उठलो, कारण उत्तरं मी द्यायची असं ठरलं होतं. पण माइक गेला अण्णांकडे. अण्णा उभे राहिले. माझी बाही धरूनच राहिले, त्यामुळे मीही पूर्ण उभा राहिलो.

"सिनेमा लई भारी," ते म्हणाले. "त्या केसवाल्याचा निघाला सेकंड माल. बाणा सुटलेला, कडा वाकड्या. ह्या दुसऱ्यानं काय केलं, त्याच सेकंड मालाची हुबेहूब कॉपी मारली, धागा न् धागा, आणि फर्स्टच्या भावात विकली. वर बक्षीस घेतलं. आम्ही चाळीस वर्षं सेकंड माल किलोवर देतोय. आमचंच चुकलं."

टाळ्या. एसीवालेही जागे झाले. अध्यक्ष म्हणाले, "आजचं खरं व्याख्यान हे." अण्णांना तिथल्या तिथे एक मोठा टॉवेल देण्यात आला. अंजिरी. त्यांनी घडी उलगडली, काठ बघितला आणि हसले. कार्यक्रमाचे सगळे टॉवेल त्यांनीच देणगी दिलेले होते.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. "सर, तुम्हाला काय दिलं बघू." मी नॅपकिन काढला. त्यांनी तो उजेडात धरला, अंगठ्याने कड चाचपली, खिशातली कात्री काढून एक लोंबता धागा कापला आणि ओशाळून म्हणाले, "पोरांनी तुम्हाला सेकंडमधला दिला की ओ. वक्त्याचा म्हणून वेगळा काढून ठिवला होता. मोरपंखी."