‘घरातच राहा’ एवढे सांगितले की तुमचे काम संपते का?

हिमवादळाचा इशारा आला की त्याच्या शेवटी एक वाक्य हमखास असते : अत्यावश्यक काम नसेल तर बाहेर पडू नका, घरातच सुरक्षित राहा. हे वाक्य आता मला ऐकवत नाही. ते चुकीचे आहे म्हणून नव्हे, तर ते म्हणणाऱ्यांपैकी कोणीही त्यातल्या ‘सुरक्षित’ या भागाची जबाबदारी घेत नाही म्हणून. यंदाच्या वादळात आम्ही सगळ्या सूचना पाळल्या, घराबाहेर पाऊल टाकले नाही आणि तरीही त्या घरात रात्रभर माझ्या आईचे हात चोळत बसण्याची वेळ आमच्यावर आली. त्याचा संताप अजून ओसरलेला नाही आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

बाहेर न पडण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या व्याख्येनुसार ताशी सुमारे ५६ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचा वारा, सुमारे ४०० मीटरच्या आत आलेली दृश्यमानता आणि ही स्थिती किमान ३ तास टिकणे, एवढे जुळून आले की त्याला हिमवादळ म्हणतात. त्यासाठी आकाशातून नवा बर्फ पडायलाच हवा असेही नाही; जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलला तरी पुरते. १२ जानेवारी १८८८ रोजी अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात असे वादळ अचानक आले, तेव्हा शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुले वाटेतच गोठून गेली. अशा हवेत ओळखीच्या अंगणातही माणूस दिशा हरवतो. तेव्हा बाहेर पडू नका हे मान्य, शंभर वेळा मान्य. माझा राग आहे तो दाराच्या आत काय घडते याविषयी.

आत काय घडते? वीज जाते. वाऱ्याने फांद्या तुटतात, ओल्या बर्फाच्या भाराने तारा खाली येतात, आणि वीज गेली की त्याच क्षणी घरातली ऊबही जाते, कारण घर गरम ठेवणारी फर्नेस गॅसवर चालत असली तरी विजेशिवाय ती पेटतच नाही. गॅस नळीत असतो, नळी घरात असते, गॅसचा पुरवठा सुरू असतो; परंतु ज्वाला पेटवणारा भाग विजेचा, धूर बाहेर ढकलणारा पंखा विजेचा, गरम हवा खोल्यांत पोचवणारा पंखा विजेचा आणि या सगळ्यांना हुकूम देणारा सर्किट बोर्डही विजेचा. ज्या घरांत गरम पाणी नळ्यांतून फिरवतात, तिथे पाणी फिरवणारा पंप विजेचा. बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणारा हीट पंप तर सरळसरळ विजेवरचाच. म्हणजे कडाक्याच्या थंडीत जीव वाचवणारी जी एकमेव यंत्रणा घरात आहे, ती नेमकी अशा एका तारेवर लटकत ठेवली आहे, जी कडाक्याच्या वादळात हमखास तुटते. हे ज्यांनी ठरवले आणि ज्यांनी वर्षानुवर्षे मंजूर केले, त्यांना याची कल्पना नव्हती असे मी मानायला तयार नाही.

आणि हे टाळणे अशक्य असते तर मी गप्प बसलो असतो. गॅसवरच्या घरगुती फर्नेसला चालायला लागते किती वीज? साधारण काही शे वॅट. एवढी वीज काही तास पुरवणारी बॅटरी ही आज काही दुर्मीळ वस्तू राहिलेली नाही. पण बहुतेक फर्नेसना साधा प्लगसुद्धा नसतो; त्यांच्या तारा थेट घराच्या वायरिंगला जोडलेल्या असतात, त्यामुळे एखाद्याने बॅटरी किंवा जनरेटर आणून ठेवला तरी इलेक्ट्रिशियनकडून वेगळा ट्रान्सफर स्विच, म्हणजे घराची जोडणी बाहेरच्या तारांवरून जनरेटरवर वळवणारा खटका, बसवून घेतल्याशिवाय त्याचा फर्नेसला उपयोग नाही. तो स्विच न बसवता कोणी जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून उलटी आत सोडली, तर ती बाहेरच्या तारांत जाऊन दुरुस्तीला आलेल्या कामगाराचा जीव घेऊ शकते. म्हणून ते करायचे नाही, आणि करूही नये. मग घर बांधतानाच ही जोडणी देणे सक्तीचे का नाही? घरातून बाहेर पडायला दरवाजा हवा, धुराचा अलार्म हवा, जिन्याला कठडा हवा, हे सगळे नियमांत बसते. पण वीज गेल्यावर थंडीत घर गरम राहिले पाहिजे, हे मात्र ज्याचे त्याने पाहायचे.

घराचे तापमान ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटचा पडदा काळा होतो आणि मग घर गार पडू लागते. सुरुवातीला फारसे जाणवत नाही. भिंतींत, फर्निचरमध्ये साठलेली ऊब थोडा वेळ साथ देते. नंतर खिडक्यांजवळची हवा बोचू लागते, मग जमीन थंडगार होते आणि शेवटी पांघरुणाच्या आतही अंग गरम होईनासे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरातले तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे असे म्हटले आहे, आणि वृद्ध, लहान मुले व आजारी माणसांसाठी त्याहून अधिक असणे गरजेचे असू शकते असेही नमूद केले आहे. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. म्हाताऱ्या माणसांत तो घरात बसल्याबसल्याही होऊ शकतो, कारण त्यांचे शरीर उष्णता कमी निर्माण करते आणि थंडी वाजत असल्याची जाणीवही उशिरा होते. माझी आई मला वारंवार सांगत होती की तिला काही होत नाही, आपण ठीक आहोत. तिचा आवाज जड झाला होता. त्या वाक्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे अंधारात टॉर्चच्या उजेडात तिच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला ‘घरात सुरक्षित राहा’ हे शब्द कसे लागतात ते मी वेगळे सांगायला नको.

त्या वेळी आम्हाला एकच गोष्ट हवी होती : खरी माहिती. वीज कंपनीकडून फोनवर संदेश येत होते की वीज कधी येईल याचा अंदाज बांधला जात आहे. पुढे एक वेळ आली, ती टळून गेली. दुसरी आली, तीही टळली. वादळ जोरात असताना दुरुस्तीची माणसे खांबावर चढू शकत नाहीत, हे मला कळते. वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की कामगाराला तारांपर्यंत उचलणाऱ्या गाड्यांचे पाळणे वर नेता येत नाहीत, आणि त्या कामगारांनी जीव धोक्यात घालावा असे मी कधीच म्हणणार नाही. त्या सगळ्या प्रकारात प्रत्यक्ष काम करणारे तेवढेच आहेत. पण मग तसे स्पष्ट सांगा. ‘उद्यापर्यंत कोणीही येऊ शकणार नाही’ असे एक वाक्य दुपारी मिळाले असते, तर रस्ते बंद होण्याआधी आम्ही आईला ऊब असलेल्या जागी हलवले असते. खोट्या आशेवर ठेवलेल्या माणसाचा निर्णय घेण्याचा वेळ चोरला जातो, आणि अशा रात्री त्या वेळेची किंमत जिवाइतकी असते.

नंतर प्रशासनाकडून कळले की ज्यांच्या घरी वीज नाही त्यांच्यासाठी उबदार केंद्रे उघडली आहेत. त्याच प्रशासनाने त्याच वेळी वाहनबंदी लागू केली होती. आता या दोन सूचना एकत्र कशा पाळायच्या, हे सूचना काढणाऱ्यांपैकी एकानेही स्वतःला विचारले नव्हते काय?

ऊब निर्माण करण्याचा घरच्या घरी जो जो उपाय सुचतो, त्यात मरण दडलेले असते. कोळशाची शेगडी आत आणायची नाही, गॅसची शेगडी खोली तापवायला वापरायची नाही, गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवायची नाही, जनरेटर घरापासून निदान ६ मीटर दूर ठेवायचा. कारण कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. ही सगळी लक्षणे थकलेल्या, गारठलेल्या माणसाला साधी अस्वस्थता वाटतात आणि तो झोपी जातो. या सूचना बरोबर आहेत, त्या प्रत्येकाने पाळाव्यात, आणि कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म प्रत्येक घरात असलाच पाहिजे. पण त्याबरोबर हेही सांगितले जाते की नव्या पद्धतीच्या फर्नेसचा धूर ज्या प्लास्टिकच्या नळीतून भिंतीबाहेर जातो, ती नळी साचलेल्या बर्फाखाली बुजू देऊ नका, नाहीतर फर्नेस बंद पडेल किंवा विषारी वायू घरात साठेल. म्हणजे पाऊलभर पुढचे दिसत नसताना मी बाहेर जाऊन नळी मोकळी करत राहायचे, जनरेटरमध्ये इंधन भरायचे आणि तरीही ‘घराबाहेर पडू नका’ हा नियम पाळायचा. त्या नळीचे तोंड बर्फ साचण्याच्या उंचीच्या बरेच वर ठेवून बसवता येते. अनेक घरांत ते जमिनीपासून हातभरावर असते, कारण तेवढीच नळी कमी लागते.

फोनचीही तीच गत. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या फोनला टेलिफोन एक्स्चेंजमधूनच वीज मिळायची, त्यामुळे घरात अंधार असला तरी तो वाजायचा. आता घरचा फोन राउटरवर, राउटर घरच्या विजेवर. मोबाईलचे टॉवर बॅटरीवर काही तास तगतात आणि मग तेही जातात. मदत मागायची तर कशावरून?

हे सगळे अचानक आलेले संकट आहे, असे कोणी म्हणू लागले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मार्च १८८८ मध्ये न्यूयॉर्क आणि आसपासच्या प्रदेशात जे हिमवादळ झाले, त्यात ४०० हून अधिक माणसे गेली आणि रस्त्यांवरच्या तारांचे जाळे कोसळून शहरांचा एकमेकांशी संपर्क तुटला. त्यानंतरच तिथे तारा जमिनीखाली नेण्याच्या कामाला जोर आला. तारा उघड्यावर ठेवल्या तर वादळात तुटतात, हे तेव्हापासून माहीत आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात थंडीने वीजकेंद्रे बंद पडली, त्याच वर्षी सरकारी चौकशी अहवाल आला आणि त्यात यंत्रणा थंडीसाठी सज्ज करण्याच्या शिफारशी होत्या. त्या बहुतांशी कागदावर राहिल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथेच ४५ लाखांहून अधिक घरांची आणि व्यवसायांची वीज गेली. गॅस पुरवणाऱ्या यंत्रणांची वीज कापली गेल्याने गॅस कमी पडला, आणि गॅस कमी पडल्याने वीज आणखी घटली. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसे मेली, आणि त्यांत घरात गारठून तसेच ऊब मिळवण्याच्या धडपडीत कार्बन मोनॉक्साइडने गेलेलेही होते. डिसेंबर २०२२ च्या नाताळात न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या परिसरात चाळीसहून अधिक बळी गेले. काही जण गाडीत अडकून गेले, काही बर्फात सापडले, आणि काहींना मरण आले ते ऊब नसलेल्या स्वतःच्या घरात किंवा रुग्णवाहिका पोचू न शकल्यामुळे. ती माणसे घरातच राहिली होती.

वादळ सरले तरी छळ संपत नाही. गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये दाब वाढत जातो आणि पाइप फुटतो, तो ध्यानात येतो वीज परत येऊन पाइपमधला बर्फ वितळू लागल्यावर. मग विमा कंपनी विचारते की घर गरम ठेवण्याची पुरेशी काळजी आपण घेतली होती का. हा प्रश्न वाचून मी फोन खाली ठेवला आणि कितीतरी वेळ मला बोलता आले नाही.

आणि मग रस्ता साफ करणारी गाडी येते आणि कमरेइतका दबलेला, जड, ओला बर्फ आपल्या दारासमोर ढकलून निघून जाते. नुकतीच मोकळी केलेली वाट पुन्हा बंद. तो बर्फ फावड्याने उपसणे हे मोकळ्या बर्फासारखे सोपे काम नव्हे. कॅनडातील क्वेबेकमधल्या आकडेवारीवर आधारलेला २०१७ सालचा एक अभ्यास सांगतो की २० सेंटिमीटर बर्फवृष्टीनंतर पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने मरण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, आणि बर्फ उपसण्याचे श्रम हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले आहे. हे ठाऊक असूनही वृद्ध माणसांच्या दारात तो ढीग लावला जातो आणि ठरावीक वेळेत पायवाट मोकळी केली नाही म्हणून वर दंडाची नोटीसही येते.

मी वीज कंपनीला, नगर प्रशासनाला आणि घर बांधणाऱ्यांना लेखी विचारले आहे. फर्नेससाठी बॅटरीची जोडणी प्रत्येक घरात कधी देणार? वारंवार तुटणाऱ्या आमच्या भागातल्या तारा जमिनीखाली नेण्याचा आराखडा आहे की नाही, आणि नसेल तर का नाही? घरी यंत्रांवर किंवा ऊबेवर जीव अवलंबून असलेल्या माणसांची यादी तुमच्याकडे आहे का, आणि वाहनबंदी लागू करण्यापूर्वी त्यांच्या दारी कोण जाणार? वीज येणार नसेल तर तसे स्पष्ट सांगणारा संदेश किती वाजेपर्यंत पाठवणार? तिघांपैकी एकाचेच उत्तर आले. त्यात माझ्या एकाही प्रश्नाचा उल्लेख नाही. हिवाळ्यापूर्वी घरात कोणकोणत्या वस्तू भरून ठेवाव्यात याची यादी आहे, आणि तिच्या तळाशी लिहिले आहे की वादळाच्या काळात घरातच राहा. ती यादी मी परत पाठवली आहे, आणि सोबत तेच चार प्रश्न पुन्हा लिहिले आहेत.