कृपया पाण्याचे डाग नसलेला पीस पाठवावा

परवा एक जुना विद्यार्थी घरी आला. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलाय, हात चांगला आहे, घरच्यांची आशा अजून शाबूत आहे. म्हणाला, "सर, ते ऑनलाइन आर्ट मार्केटप्लेस असतं ना, त्याच्यावर जावं म्हणतोय. परवडतं का?" म्हटलं, बस बाबा, योग्य माणसाकडे आलास. माझा अनुभव अगदी ताजा आहे. इतका ताजा की ते चित्र या क्षणी टेबलावर पडलंय आणि त्याला मोगऱ्याच्या अगरबत्तीचा वास येतोय. अगरबत्तीची भानगड पुढे सांगतो.

तर मित्रांनो, बेलाशक जा. विचार कसला करताय? मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबायचं, भाडं भरायचं, चित्रं टेम्पोत घालून काळा घोड्यापर्यंत न्यायची, आठवडाभर वडापाववर काढायचा, आणि येणाऱ्यांतले निम्मे एसीची हवा खायला आलेले. इकडे कोल्हापुरात शाहू स्मारकला प्रदर्शन लावलं तर आपलेच लोक येतात, वहीत 'अप्रतिम' लिहितात आणि चहा पिऊन जातात. त्यापेक्षा घरात लुंगीवर बसून अख्ख्या जगाला चित्रं विकावीत. अशी सोय शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान यांनासुद्धा नव्हती. महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली असं कोल्हापुरात सांगतात. मार्केटप्लेस असतं तर बिचाऱ्यांना तलावापर्यंत चालत जावं लागलं नसतं.

पहिल्यांदा कॅटेगरी. 'चित्रकला' शोधत बसू नका. तुमचं चित्र 'होम अँड किचन'मधल्या 'वॉल डेकोर'मध्ये जातं, लाफिंग बुद्ध आणि धावत्या सात घोड्यांच्या मध्ये. घोड्यांशी टक्कर द्यायची तयारी ठेवा. वास्तुशास्त्र त्यांच्या बाजूनं आहे.

फोटो चांगला काढा. कसाही काढलात तरी साइट तो 'एन्हान्स' करतेच, पण आपल्या मनाला समाधान. माझं चित्र म्हणजे पंचगंगा घाट, जुलैतला. नदी ३९ फुटांवर, इशारा पातळीला टेकलेली, देवळांचे नुसते कळस वर. टपरीच्या पत्र्याखाली स्टूल टाकून, छत्री खांबाला बांधून केलेलं. सगळा कागद करड्या रंगाचा, त्यात मातकट पाण्याचा एक लांब वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात. साइटवर चढलं तेव्हा आभाळ निळं झालं होतं. गोव्याला गेल्यासारखं वाटलं. शिवाय ते तुमचं चित्र एका दिवाणखान्याच्या फोटोत टांगून दाखवतात. माझं चित्र १५ बाय २२ इंच, हाफ शीट. फोटोत ते तीन माणसांच्या सोफ्याएवढं रुंद दिसत होतं. मला स्वतःलाच घ्यावंसं वाटलं.

'आर्टिस्ट स्टोरी'त आजी घाला. आजीशिवाय चित्र खपत नाही.

किंमत ठरवायचं तुम्हाला पूर्ण स्वातंत्र्य आहे. मी ९,००० लावली. हुसेनसाहेबांचं 'ग्राम यात्रा' २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ११८ कोटींच्या आसपास गेलं, तेव्हापासून आमच्या गल्लीतले लोक मला "मग, तुमचं केवढ्याला जातंय?" असं विचारतात, त्यामुळे पाच आकड्यांच्या जवळ जाणं भाग होतं. तर किंमत तुम्ही ठरवायची. सूट मात्र ते ठरवतात. एका सकाळी उघडून बघतो तर 'दिवाळी धमाका, ३० टक्के ऑफ'. मला विचारलं नव्हतं. विचारलं होतं म्हणे, नोंदणी करताना, कलम १४ मध्ये.

चित्र विकलं गेलं. आता हिशोब बघा, आणि मग ठरवा परवडतं की नाही. गिऱ्हाइकानं दिले ६,३००. कमिशन ३५ टक्के, पण ते ६,३०० वर नाही, मूळ ९,००० वर. सूट माझ्या खिशातून, आणि कमिशन हाती न आलेल्या पैशांवरही. ३,१५० गेले. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ५६७ गेले, आणि जीएसटी नंबर नसल्यामुळे त्याची वजावटही नाही. पेमेंट गेटवेचे १२६. कुरिअरचे ४८०. कागदाचं वजन ६४ ग्रॅम, हिशोब करून सांगतोय. प्लाय, पुठ्ठा, बबल रॅप सगळं धरून किलोभर. बिल चार किलोचं. कारण लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले पाच हजार, हे त्यांचं वजन. चित्र चपटं असतं, ही आपलीच चूक. उरले १,९७७ रुपये. पत्र्याखालचे तीन तास, आधीच्या दोन फसलेल्या शीट आणि चाळीस वर्षांचा हात यांचे मिळून १,९७७.

आणि तरी मी खूश होतो! बायकोला दाखवलं, "बघ, ठाण्याला गेलं."

एट्सी नावाच्या अमेरिकन साइटनं एप्रिल २०२२ मध्ये आपला वाटा ५ टक्क्यांवरून साडेसहावर नेला, तर हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली. दीड टक्क्यासाठी. चित्रं विकणारे ऑनलाइन साची आर्टवाले सरळ ४० टक्के घेतात, पण घेतो म्हणून सांगतात तरी. आपल्याकडे ३५ ऐकलं की आपण म्हणतो, "गॅलरीवाले पन्नाससुद्धा घेतात." घेतात. पण गॅलरीवाला भिंतीपाशी उभा राहून दोन शब्द बोलतो, गिऱ्हाइकाला पाणी विचारतो, आणि चित्र परत आलं तर त्याला लाज वाटते.

परराज्यातलं गिऱ्हाईक शोधू नका. बेळगावच्या एका मास्तरांना हाच घाट हवा होता, लहानपणी आत्याकडे यायचे म्हणून. साइट म्हणाली, तुमच्या पत्त्यावर उपलब्ध नाही. ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नंबर नसलेल्या छोट्या विक्रेत्याला ऑनलाइन विकायची मुभा आहे, पण राज्यातल्या राज्यात. म्हणजे कोल्हापूरचं चित्र गडचिरोलीला जाईल, शंभरेक किलोमीटरवरच्या बेळगावला जाणार नाही. सीमाप्रश्न १९५६ पासून चालू आहे, त्यात माझीही एक हाफ शीट. मास्तर म्हणाले, एसटीनं येऊन रोख देऊन घेऊन जातो. तेही नाही. साइटवर टाकलेलं चित्र ९० दिवस बाहेर विकायचं नाही, कलम ९.

'बूस्ट' घ्या, म्हणजे पैसे भरून चित्र जास्त लोकांना दाखवायची सोय. मी २९९ चा घेतला, ३,४१२ जणांनी चित्र पाहिलं, त्यातले ३,४११ घोडे घेऊन गेले.

एनएफटी, म्हणजे चित्राची डिजिटल मालकी विकायची ती भानगड, तिच्याबद्दल विचारू नका.

आता वापसी. मार्केटप्लेसचा सर्वांत मोठा गुण म्हणजे दहा दिवसांत विनाप्रश्न परत. गिऱ्हाइकाला खात्री वाटते. माझं चित्र वसुबारसेला ठाण्यात पोचलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मेल आला, 'रिटर्न रिक्वेस्ट'. कारणांची एक यादी असते, त्यातून एक निवडायचं. 'साइज अँड फिट', 'चुकीचा रंग', 'पार्ट मिसिंग' वगैरे. आमच्या गिऱ्हाइकानं निवडलं 'वॉटर डॅमेज'. खाली एक ओळ स्वतःच्या शब्दांत: पूर्ण चित्रावर पाणी पसरल्यासारखं दिसतंय.

जलरंग आहे हो!

मी मदतकेंद्राला लिहिलं. "नमस्कार, मी रिया, तुमची गैरसोय मी समजू शकते." रियाला समजावून सांगितलं की हे वॉटर कलर आहे, कागद ओला असताना रंग सोडला की तो पसरतो, तो पसरावा म्हणूनच सोडतात, पसरला नाही तर आम्ही चित्र फाडतो. रिया म्हणाली, मी समजू शकते. मग टीमशी बोलून कळवते म्हणाली. दोन दिवसांनी उत्तर आलं, जसंच्या तसं देतो: "तपासणीत उत्पादन डॅमेज आढळले आहे. कृपया पाण्याचे डाग नसलेला पीस ४८ तासांत पाठवावा." पीस! दुसरा! म्हणजे मी परत जुलैपर्यंत थांबायचं, नदीला ३९ फुटांवर यायला सांगायचं, त्याच टपरीत बसायचं, आणि या वेळी कोरडं काढायचं. ४८ तासांत!

परत आलेलं पार्सल उघडलं. जाताना दोन प्लायच्या मध्ये सपाट गेलेलं चित्र येताना गुंडाळी होऊन आलं, वर रबर बँड. उजवा कोपरा मुडपलेला. आणि मागच्या बाजूला चारी कोपऱ्यांवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचे तुकडे, एका तुकड्याला भिंतीचा फिकट पिस्ता रंग पापुद्र्यासकट चिकटलेला. नाकाशी नेलं तर मोगऱ्याची अगरबत्ती. आता सांगा. वसुबारस ते भाऊबीज. लक्ष्मीपूजनाला पाहुणे आले असतील, "वा, ओरिजिनल आहे का?" कोणीतरी विचारलं असेल, "हो, कोल्हापूरच्या आर्टिस्टचं," असं ऐटीत सांगितलं असेल, फोटो निघाले असतील. आणि पाहुणे गेल्यावर चकलीच्या डब्याबरोबर माझं चित्रही उतरवलं. अहो, मांडववाला पाच दिवसांच्या खुर्च्यांचं भाडं घेतो! मी उलट भाडं भरलं. जातानाचं कुरिअर ४८०, येतानाचं ६२०, गेटवेचे १२६, बूस्टचे २९९. कमिशन त्यांनी मोठ्या मनानं सोडलं. माझ्या खात्यात शिल्लक उणे १,५२५ रुपये. शेजारी लाल अक्षरांत 'कृपया थकबाकी भरा'.

तरीही नाउमेद होऊ नका, कारण चित्र परत आलं तरी ते त्यांच्याकडे राहतंच. कसं? चित्र वापरायचा परवाना दिलाय की तुम्ही. जगभर, कायमस्वरूपी, विनामोबदला, मागे न घेता येणारा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि चित्रकाराशी तो बराच बरा वागतो. चित्र विकलं तरी हक्क आपलाच, आपण मेल्यावर ६० वर्षं वारसांचा. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर तो पाचच वर्षं टिकतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. म्हणून तर ते 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द कधी विसरत नाहीत. बाकी शुद्धलेखनाच्या छप्पन्न चुका असतील. डेव्हिअंटआर्ट या चित्रकारांच्या साइटनं नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वतःचं एआय यंत्र आणलं, तेव्हा सभासदांची चित्रं बाहेरच्या एआय यंत्रांना शिकवायला सरसकट मोकळी धरली होती. नको असेल त्यानं येऊन सांगायचं. जगभरच्या चित्रकारांनी बोंब मारली तेव्हा कुठे नियम उलटा केला. आपल्याकडे बोंब मारायची तर आधी करार वाचायला लागतो. इथे कोण वाचतं? मी वाचला? नाही. चष्मा शोधायचा कंटाळा आला आणि खालचं बटण दाबलं.

आता सरळच बोलतो, उपरोध पुरे झाला.

बाजारवाल्यांनो, तुम्ही चित्र विकत नाही. विकणं म्हणजे वॉटर कलर आणि वॉटर डॅमेज यांतला फरक कळणारा एक तरी माणूस पगारावर ठेवणं. तुमच्याकडे उशी आणि चित्र एकाच गोदामात, एकाच नियमानं. मग उशीचंच कमिशन घ्या ना, गॅलरीचं कशाला घेता?

ठाणेकर, तुम्हाला काय म्हणू? पैसे नव्हते तर फोन करायचा होता, पाच दिवसांसाठी असंच दिलं असतं. टेप तरी लावायची नाही.

आणि आपण! निम्मा दोष आपला आहे. मूळ चित्र ४९९ ला टाकणारे आपल्यातच आहेत, आणि त्याच्याखाली 'फ्री शिपिंग' लिहिणारेही. ऑनलाइन विकून पोट भरणारे चित्रकार आहेत, मी दोघांना ओळखतो. ते मूळ चित्र त्या बाजारात पाठवतच नाहीत. प्रिंट पाठवतात, परत आली तर आली. मूळ चित्र घरी, ज्याला हवं तो येतो, बघतो, पैसे मोजतो. ते करार वाचतात. तीन गोष्टी बघतात: सूट कोणाच्या परवानगीनं, परतीचं भाडं कोणाच्या माथी, आणि चित्र काढून घेतलं की परवाना संपतो का. तीन ओळी. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला वस्तुचित्रातला तांब्या तासभर निरखता, तीन ओळी निरखता येत नाहीत?

हे सगळं त्या पोराला सांगितलं. दीड तास. त्यानं टेबलावरचं चित्र उचलून पाहिलं, वास घेतला, गप्प बसला. मग खाली बघत म्हणाला, "सर, मी कालच ॲग्री दाबलंय."

"वाचलंस?"

"नाही."

"मग गाढवा, आज विचारायला कशाला आलास?"