नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सिमलिंक देऊ नका

लिनक्सवर ‘शेअर्ड लायब्ररी सापडत नाही’ (म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती कोडची फाइल मिळत नाही) अशी एरर आली की नव्या आवृत्तीच्या फाइलला जुन्या नावाची सिमलिंक, म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणारं दुसरं नाव, द्या, असा सल्ला फिरतोय. तो चुकीचा आहे. लायब्ररीच्या फाइलच्या नावात ‘.एसओ’ नंतरचा आकडा बदलतो तेव्हा जुन्या प्रोग्रामशी बायनरी सुसंगतता तुटलेली असते, म्हणजे आधी कंपाइल केलेला प्रोग्राम तिच्यासोबत नीट चालेल याची खात्री नसते. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या आवृत्ती ३ ला १.१ चं नाव दिलंत तर लोडरला (प्रोग्राम सुरू होताना लायब्रऱ्या जोडणारा भाग) फाइल मिळेल, पण ‘ओपनएसएसएल_१_१_०’ हे सिम्बॉल व्हर्जन (जुना प्रोग्राम फंक्शनवर शोधतो ती आवृत्तीची खूण) मिळणार नाही. काही लायब्रऱ्यांत तर प्रोग्राम सुरू होऊन मध्येच कोसळतो, आणि ते जास्त घातक.

आधी ‘एलडीडी’ या प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणाऱ्या कमांडने नेमकं काय सापडत नाही ते बघा. स्वतः बिल्ड केलेली लायब्ररी ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये असेल, तर बऱ्याचदा रूट म्हणून ‘एलडीकॉन्फिग’ (लोडरची लायब्रऱ्यांची यादी ताजी करणारी कमांड) चालवायचंच राहिलेलं असतं. आवृत्तीच वेगळी असेल तर प्रोग्राम पुन्हा कंपाइल करा.