गल्लीतलं घर विकायचंय? आधी प्रेम करायला लागा

धुळ्यात आग्रा रोडच्या मागे, नंबराच्या एखाद्या गल्लीत आजोबांनी बांधलेलं विटांचं घर असेल आणि ते काढायचं मनात असेल, तर 'विकायचंय' असं कुणाला बोलू नका. "बघू, चांगला माणूस मिळाला तर," एवढंच म्हणा. चांगला माणूस म्हणजे जास्त पैसे देणारा, हे गल्लीला कळतं.

मग घरावर प्रेम करायला लागा. दिवाळीलाही पुण्याहून न फिरकणाऱ्या धाकट्याला फॅमिली ग्रुपवर धाब्याचे, म्हणजे घरावरच्या सपाट मातीच्या छताचे, फोटो टाकू द्या. इथे बिबडे वाळायचे, इथे उन्हाळ्यात गोधड्या टाकून झोपायचो, वगैरे. धाबं गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर माती कोण चढवायचं, हा विषय मात्र काढू नका. चढवणाऱ्या थोरल्या वहिनी ग्रुपवर आहेत, पण त्या काही लिहीत नाहीत.

आता कागद. सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढलंत की कळेल, आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली असली तरी तिथे ते ठणठणीत आहेत. वारस लावायला घेतले की बहिणी आठवतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि तेव्हापासून भावांची माया फार वाढली. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या बहिणींना आग्रहाने बोलवा. झोका बांधा, खापरावरच्या पुरणपोळ्या करा आणि दुसरी पोळी ताटात पडताच हक्कसोड पत्र पुढे करा. तिसरीपर्यंत थांबलात तर त्या वकिलाला विचारून येतात.

जाहिरात लिहिताना खोटं लिहायची गरज नाही, नीट लिहायची आहे. शेजाऱ्यांनी घर पाडून मोबाइलची दुकानं काढलीत. भिंत सामाईक, म्हणून ती तेवढी राहिली, आणि आता त्यांच्या स्वयंपाकघराचा कोनाडा काजळीसकट तुमच्या घराला बाहेरून लटकतोय. वर हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा, कॅलेंडरचा खिळा. 'एका बाजूने मोकळी हवा' असं लिहा. ओट्याशेजारच्या खोलीत आजोबांच्या काळातल्या भाड्यात बसलेला टेलर आहे, त्याला 'चालू उत्पन्न' म्हणा.

'ऐतिहासिक पेठ' लिहायचा मोह होईल. १८१८ला खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात सरळ रस्ते आखून पेठ वसवली, हे सगळं खरंच आहे. पण गिऱ्हाईक एकच विचारतं, चारचाकी कुठे लावायची? ब्रिग्जसाहेबाने बैलगाडीच्या पुढचा विचार केला नव्हता.

त्यापेक्षा रेल्वे काढा. १९००मध्ये चाळीसगावहून आलेली गाडी धुळ्यात येऊन जी थांबली ती थांबलीच, आणि मनमाड-इंदूर मार्ग पिढ्यान्पिढ्या प्रचारसभेतच धावला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला १८,०३६ कोटी मंजूर केले. तेव्हापासून गल्लीतल्या बंद पडलेल्या संडासाचा भावही इंदूरच्या हिशेबाने लागतो. जमीन संपादन, पूल, बोगदे हे शब्द दलालाच्या तोंडून ऐकू येणार नाहीत. तुम्हीही उच्चारू नका.

गिऱ्हाईक येईल तेव्हा विटांचं कौतुक सांगत बसू नका. खिळा ठोकला तर खिळाच वाकतो, हे तुमच्यासाठी. तो दारात उभा राहून समोरची रुंदी पावलांनी मोजेल आणि म्हणेल, "घर कोनले पाह्यजे भो, जागाना पैसा शेतस!" (म्हणजे घर कुणाला हवंय, पैसे जागेचे आहेत. हे तो आत न येता बोलतो, म्हणून चहा टाकायची घाई करू नका.) सागाच्या तुळया आणि दिंडीदरवाजा आधीच काढून विका. पुण्यातल्या हॉटेलांना जेवणाऱ्यांसाठी 'वाड्याचं वातावरण' लागतं. तुमचा धाकटा तिथे सातशे रुपये देऊन शेवभाजी खाईल आणि फोटो ग्रुपवर टाकेल. विटा मात्र भरावात जातील.

सौदा धुळ्यातल्याच देवपूरच्या फ्लॅटच्या हप्त्याएवढा जमला की बिल्डर सगळ्यांसमोर म्हणेल, संकुलाला आजोबांचंच नाव देऊ. लगेच हो म्हणा. डोळेही पुसा. फक्त पाटीचा खर्च कोण करणार, ते इसार पावतीत लिहून घ्या.