केळं खाल्लं, कलाकृती शाबूत

सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून फिरतंय : ‘५२ कोटींचं जगातलं एकमेव केळं मालकानेच खाल्लं, पैसे पाण्यात!’

खाल्लं हे खरं. नोव्हेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात उद्योजक जस्टिन सन यांनी इटालियन कलाकार माउरित्सिओ कातेलान यांची ‘कॉमेडियन’ ही कलाकृती, म्हणजे भिंतीला टेपने चिकटवलेलं केळं, ६२ लाख डॉलरला घेतली आणि नऊ दिवसांनी हाँगकाँगमध्ये सगळ्यांदेखत केळं सोलून खाल्लं. पण विकत मिळतो तो कागद : अस्सलपणाचं प्रमाणपत्र, आणि केळं भिंतीला कसं चिकटवायचं, सडलं की कसं बदलायचं याच्या सूचना. तो कागद त्यांच्याकडेच आहे. २०१९ साली मायामीतही एकाने असंच केळं फस्त केलं होतं. लगेच दुसरं लावलं. आणि एकमेव कसलं, आवृत्त्या ३ आहेत.

किंमत पटते का? मला नाही. कल्पना मात्र भारी.

हौस म्हणून पार्ल्याच्या बाजारातलं एक वेलची केळं मीही सेलोटेपने स्वयंपाकघरात चिकटवलं. तिसऱ्या दिवशी देठ काळा, भोवती चिलटं, आणि टेप काढताना रंगाचा पोपडा निघाला. तो भाग आता कॅलेंडरने झाकलाय.