फायरप्लेस आणि टीव्हीच्या भिंतीबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

आपला अभिप्राय वाचला. चतुर्थीला पाहुणे घरी असताना दिवाणखान्यातील भिंतीचे काम अपुरे होते, त्यामुळे आपल्याला आणि घरच्या मंडळींना जो त्रास झाला त्याबद्दल कार्यशाळेच्या वतीने मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. सणाच्या घरात पॉलिशचा वास कोणालाच नको असतो.

आपण दोन तारे देऊन चार तक्रारी मांडल्या आहेत. टीव्ही इतका उंच बसवला आहे की पाहताना मान अवघडते, तो फायरप्लेसच्या बरोबर मध्यावर नाही, उजवीकडचे खण डावीकडच्या खणांपेक्षा अरुंद आहेत, आणि काम उशिरा होऊनही वाढीव बिल लावले. एवढ्यावर न थांबता ‘यांना साधे माप घेता येत नाही’ असेही आपण लिहिले आहे. पहिल्या चार गोष्टींवर मी आपल्याशी दूरध्वनीवर बोललो असतो आणि विषय तिथेच मिटवला असता. मापाबद्दलचे वाक्य मात्र पिढीजात सुतारकाम करणाऱ्या माणसाला गिळता येत नाही. शिवाय ते सर्वांना दिसते आहे आणि एका नव्या कामाची बोलणी करणाऱ्या कुटुंबाने तेच दाखवून आमच्याकडे येण्याचे रद्द केले आहे. म्हणून हे उत्तर थोडे लांबेल.

पहिल्या आराखड्यात आम्ही टीव्ही आणि फायरप्लेस शेजारी शेजारी दाखवले होते. सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण 40 ते 42 इंचांवर असते आणि टीव्हीचा मध्य तिच्या जवळपास असला तर मानेला त्रास होत नाही, हे आपल्याला तेव्हा सांगितले होते. परदेशी घरांच्या छायाचित्रांत टीव्ही फायरप्लेसच्या वर असतो आणि आपल्याला तसाच हवा होता. इच्छा आपली, घर आपले. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण फायरप्लेस खाली आला की टीव्हीची उंची ठरवणे सुताराच्या हातात फारसे उरत नाही. खालचा ओटा 6 इंचांचा, त्यावर फायरप्लेसची चौकट 22 इंचांची, तिच्यावर मोकळी जागा 10 इंचांची, मग 2 इंच जाडीची फळी, आणि फळी व टीव्ही यांच्यामध्ये 3 इंच. ही बेरीज 43 होते. टीव्हीची खालची कड यापेक्षा खाली येऊ शकत नव्हती.

ती 10 इंचांची जागा ‘उगीच सोडली’ असे आपण म्हणता. आपला फायरप्लेस विजेचा आहे, त्यातील ज्वाला म्हणजे दिव्यांचा खेळ आहे, हे मलाही ठाऊक आहे. परंतु त्याच्या आतील हीटर 2000 वॅटचा आहे, त्यासाठी आपण स्वतंत्र 16 अँपिअरची लाइन घेतली आहे, आणि त्याची गरम हवा चौकटीच्या वरच्या कडेतून बाहेर येते. बहुतेक टीव्ही 40 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. जानेवारीच्या पहाटेही पणजीचा पारा वीसच्या आसपास असतो, त्यामुळे गोव्यात हीटर कितीदा लागेल हा प्रश्न आमच्या मेस्तांनीही, म्हणजे सुतार कारागिरांनीही, हसत विचारला होता. पण डिसेंबरात पाहुण्यांसाठी तो लावणार असे आपण सांगितले होते, आणि एकदा जरी तो लागणार असेल तरी फायरप्लेसच्या माहितीपत्रकात दिलेले अंतर सोडणे आम्हाला भाग होते. ते अंतर कमी केले असते आणि टीव्ही बिघडला असता, तर आज एकच तारा मिळाला असता.

आता टीव्हीच्या आकाराविषयी, कारण आपल्या अभिप्रायात त्याचा उल्लेखही नाही.

आराखड्यावर 55 इंची टीव्ही होता. तो साधारण 48 इंच रुंद आणि 27 इंच उंच असतो. त्या मापाचा पुठ्ठा कापून आम्ही भिंतीवर चिकटवला, घरातील सगळ्यांनी सोफ्यावर बसून तो पाहिला, ‘थोडा वर आहे, पण चालेल’ असे ठरले आणि आपण आराखड्यावर सही केली. त्यानुसार मधला कोनाडा 52 इंच रुंद आणि दोन्ही बाजूंचे खण 36 इंचांचे झाले. सांगाडा उभा राहून त्यावर व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चढल्यानंतर एका रात्री आपला व्हॉट्सॲपवर निरोप आला की सवलतीत 65 इंची टीव्ही मिळाला आहे, ‘जरा ॲडजस्ट करून घ्या’. 65 इंची टीव्ही सुमारे 57 इंच रुंद आणि 32 इंच उंच असतो. 52 इंचांच्या कोनाड्यात 57 इंचांची वस्तू ॲडजस्ट होत नाही. कोनाडा तोडून 61 इंचांचा करावा लागतो.

वाढलेले हे 9 इंच दोन्ही बाजूंनी सारखे घेता आले असते तर आपल्या दोन तक्रारी उद्भवल्याच नसत्या. पण डावीकडे काँक्रीटचा खांब भिंतीतून पुढे आला आहे आणि कोनाड्याची डावी उभी फळी त्याच खांबावर बसून तो झाकते. घराचा खांब आम्ही सरकवू शकत नाही. त्यामुळे सगळे 9 इंच उजवीकडून गेले, 36 इंचांचे खण 27 इंचांचे झाले आणि टीव्हीचा मध्य फायरप्लेसच्या मध्यापासून साडेचार इंच उजवीकडे सरकला. फायरप्लेसच तेवढा सरकवू, असे मी आपल्याला सुचवले होते. त्यासाठी ओट्यावरचा ग्रॅनाइट उखडावा लागला असता आणि चिऱ्यांच्या भिंतीत वायरिंगसाठी नवा चर पाडावा लागला असता. आपण नको म्हणालात, आणि ते मला समजण्यासारखे होते. खालची कड 43 इंचांवरच राहिल्याने टीव्हीचा मध्य साडेछप्पन्नवरून 59 इंचांवर गेला. मान अवघडते हे खरे असेल, पण हे अडीच इंच आपल्या सवलतीचे आहेत.

उशीरही इथूनच सुरू झाला. नव्या फळ्या जुलैत कापाव्या लागल्या. गोव्यातल्या जुलैमध्ये हवेत इतकी ओल असते की घाईने मारलेले पॉलिश पांढरट पडते आणि ते घासून पुन्हा मारावे लागते. म्हणून प्रत्येक हात सुकण्याची वाट पाहिली. त्यातच चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली, मेस्त आपापल्या घरी गेले. त्या दिवसांत गोव्यात कोणता कारागीर कामावर असतो, हे आपल्याला मी काय सांगावे. वाढीव बिलात प्लाय, व्हिनियर आणि पॉलिश एवढेच धरले आहे. तोडण्याची आणि पुन्हा जोडण्याची मजुरी आम्ही लावलेली नाही. बिल पुन्हा पाहिल्यास हे आपल्या लक्षात येईल.

फळ्यांच्या पुढची सागवानी पट्टी ‘जुनाट दिसते’ असे आपण जाता जाता लिहिले आहे. आवडीनिवडीवर वाद घालणार नाही. मात्र 18 मिलिमीटर प्लायची 36 इंच लांब फळी पुस्तकांच्या वजनाने काही वर्षांत मध्ये खाली वाकते, आणि ती दीड इंचाची पट्टी तिला सरळ ठेवते. पट्टी नको असती तर मधे आणखी एक उभी फळी घालावी लागली असती आणि आपल्याला रुंद खण हवे होते. भिंतीपासून मागच्या बाजूला सोडलेली फटही अशीच सकारण आहे. पावसाळ्यात चिऱ्यांची भिंत ओल धरते आणि प्लाय तिला चिकटून राहिले तर बुरशी येते. त्या कामाकडे, तसेच त्यासाठी वापरलेल्या पाण्यात टिकणाऱ्या प्लायकडे अभिप्रायात कोणाचे लक्ष गेले नाही, याचे वाईट वाटले.

पुढील कामांत सही झाल्यावर मापात बदल झाल्यास त्याचे परिणाम ग्राहकाला लेखी कळवण्याची पद्धत आम्ही सुरू करत आहोत, आणि पावसाळ्यातील कामांच्या तारखाही अधिक सांभाळून देऊ. आपल्यासाठी टीव्ही पुढे खाली झुकवता येईल असे ब्रॅकेट बसवून देण्याची माझी तयारी आहे. त्याने उंची कमी होणार नाही, पण पडदा नजरेकडे वळेल आणि मानेला आराम पडेल. ब्रॅकेटची किंमत आपली, मजुरी आमची. साडेचार इंचांचे अंतर डोळ्यांना कमी जाणवावे म्हणून फळीवर काय करता येईल, तेही त्या वेळी पाहू.

हे वाचून आपल्याला अभिप्राय बदलावासा वाटला तर आभारी राहीन. तसे वाटले नाही तर निदान टीव्ही बदलल्याची एक ओळ त्यात जोडावी, अशी विनंती आहे. सही केलेला आराखडा आणि तो रात्रीचा निरोप दोन्ही आमच्याकडे जपून ठेवलेले आहेत. ते इथे टाकणे मला शोभणार नाही, पण आपल्याला पुन्हा पाहायचे असतील तर शनिवारी दुपारनंतर मी स्वतः कार्यशाळेत असतो. ब्रॅकेटचे मापही तेव्हाच ठरवता येईल. येताना टीव्हीच्या मागच्या चार स्क्रूंच्या छिद्रांमधील अंतर मोजून आणावे.