खुलासा : दहा मिनिटांच्या कामाची तासाभराची मजुरी

‘नळाचा वॉशर बदलायला दहा मिनिटं लागतात, तासाभराची मजुरी मागणारा कारागीर सरळ लुबाडतो’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. हा आरोप चुकीचा आहे. येण्याजाण्याचा वेळ, पेट्रोल, हत्यारांची झीज, दोन कामांमधला रिकामा वेळ हे सगळं कारागिराला त्याच रकमेतून भागवायचं असतं, म्हणून बरेच जण किमान मजुरी ठरवून ठेवतात. शिवाय नळ खोलल्यावर वॉशर जिथे टेकतो ती आतली कड झिजलेली निघाली, तर नुसता नवा वॉशर घालून गळती थांबत नाही. कड घासून सपाट करावी लागते, नाहीतर नळच बदलावा लागतो. फोनवर हे कोण सांगणार?

रक्कम आधी विचारा, हा मेसेजमधला सल्ला मात्र अगदी योग्य आहे. मजुरी तासावर की कामावर, सामान कोण आणणार, भिंत फोडावी लागली तर डागडुजी त्यातच धरली आहे का, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्या. किरकोळ कामं साठवून एकाच फेरीत उरकली तर किमान मजुरी एकदाच पडते. गॅस आणि वायरिंगचं काम त्यात घुसडू नका. त्यासाठी परवानाधारक माणूसच बोलवा.